बिनहुकाचं छत

आमच्या जे. पी. नगरच्या फ्लॅटच्या छताला पंख्याचे हूकच नव्हते. बिल्डर विसरला होता असं नव्हे. माझ्या सासऱ्यांनी स्लॅब पडायच्या आधी स्वतः साइटवर जाऊन मिस्त्रीला बजावलं होतं, की बेंगळूरच्या घरात पंखा लागत नाही, तर हे लोखंडाचे आकडे छतातून लोंबत कशाला ठेवायचे? खाटकाचं दुकान वाटतं. ही गोष्ट ते आल्यागेल्याला हसून सांगायचे. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मीही हसले. नवी सून होते, हसणं भागच होतं.

मी नागपूरची. आमच्याकडे होळी झाली की आधी कूलर निघतो, त्याच्या ताट्या बदलतात, आणि मग बाकीची कामं. वरच्या मजल्यावरचं घर कोणी फुकट दिलं तरी नागपूरचा माणूस दहादा विचार करेल. आणि इथे अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, जास्तीचे पैसे भरून अगदी वरचा मजला घेतलेला, तोही पश्चिमेच्या कोपऱ्यातला! का, तर वर कोणाची पावलं वाजायला नकोत आणि संध्याकाळचा वारा सरळ आत यावा. मी एकदा भीत भीत म्हटलं, "अण्णा, स्लॅब तापेल ना बाप्पा."

सगळं घर खो खो हसलं. अण्णा म्हणाले, "अगं मुली, हे तुझं नागपूर नव्हे. इथं मे महिन्यात पांघरूण लागतं."

एके काळी लागतही असेल. या घरातली माणसं मूळची मराठी, पण तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आली ती इथलीच झाली. त्यांच्या मराठीत निम्मी कानडी. हो म्हणायचं तर 'सरी', थोडं म्हणायचं तर 'स्वल्प'. अण्णांचा जन्म मल्लेश्वरमचा. तिथल्या घराला कौलं होती, अंगणात फणस होता, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं होती. भावाभावांत वाटण्या झाल्या आणि ते घर विकावं लागलं. घर गेलं, पण त्या घरातलं हवामान मात्र अण्णांनी डोक्यात भरून जे. पी. नगरला आणलं. सिमेंटच्या खोक्यात, उघड्या गच्चीखाली बसून ते फणसाच्या सावलीतल्या गोष्टी करायचे.

सासूबाईंना सगळे अक्का म्हणायचे, म्हणून मीही अक्काच म्हणायची. अक्का मोठ्या मिश्कील होत्या. अण्णांचं हवामानाचं पुराण सुरू झालं की पदराने वारा घेत माझ्याकडे बघून डोळे मिचकवायच्या. दुपारी अण्णा झोपले की आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या फरशीवर पाणी शिंपडून तिथेच आडव्या व्हायचो. "यांना नको सांगू हं," त्या म्हणायच्या, "त्यांचं बेंगळूर भिजेल." माहेराहून इतक्या लांब आलेल्या मला त्या बाईने कधी परकं वाटू दिलं नाही. सासूचं गुणगान करणाऱ्या बायकांवर माझा एरवी विश्वास बसत नाही, पण ही बाई तशी होती, त्याला मी काय करू.

अशा अक्कांना लकवा झाला. डावी बाजू गेली, वाचा गेली. तोंडातून तीन-चारच शब्द धड निघायचे, त्यातला एक 'गार'. पाणी द्या म्हणायचं असेल तरी गार, खिडकी उघडा म्हणायचं असेल तरी गार. पश्चिमेच्या खोलीत त्यांची खाट टाकली होती, कारण तीच खोली मोठी. हिवाळा कसाबसा निघाला. मार्च लागला आणि ते छत तापायला लागलं.

त्या खोलीत दुपारी हात वर केला तर तव्याची धग लागावी तशी लागायची. संध्याकाळी बाहेर जरा बरं वाटायचं, तर आत दिवसभर प्यालेलं ऊन छत रात्रभर ओकत राहायचं. अक्कांची पाठ घामोळ्यांनी लाल झाली. दिवसातून किती वेळा मी ओल्या फडक्याने त्यांचं अंग पुसून पावडर लावत असेन, देव जाणे. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, "पाठीला जखमा झाल्या तर अवघड होईल. खोली गार ठेवा. जमलं तर एसीच बसवा."

डॉक्टर जिना उतरले नसतील तोच अण्णा म्हणाले, "बेडा, बेडा." म्हणजे नको, नको. "लकव्याच्या माणसाला गार वारा बाधतो. वाताचा रोग आहे. या आजकालच्या डॉक्टरांना काय कळतंय!"

एसी सोडाच, उभा पंखासुद्धा अक्कांच्या अंगावर सोडायचा नाही. भिंतीकडे तोंड करून ठेवायचा म्हणजे वारा भिंतीवर आपटून मऊ होऊन येईल! मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, तुमची आई शिजून राहिली तिथे. बोला ना काहीतरी." तो म्हणाला, "अण्णांना कोण सांगणार?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. लग्नाच्या पहिल्या वर्षी मला त्यात पितृभक्ती दिसली होती. नंतर नुसता नेभळटपणा दिसायला लागला.

मग मी माझ्या भावाकडून नागपूरहून वाळ्याच्या ताट्या मागवल्या. खिडकीला बांधल्या, पाणी मारलं. वाळ्याचा वास खोलीभर झाला तशी अक्कांनी डोळे मिटून असा काही श्वास घेतला की मला रडूच आलं. पण दुसऱ्याच दिवशी खालच्या मजल्यावरची बाई तणतणत वर. तिच्या वाळत घातलेल्या साड्यांवर ताटीचं पिवळं पाणी ठिबकलं होतं. "इथं प्यायला पाण्याचा टँकर मागवतोय आम्ही, आणि तुम्ही खिडकीला आंघोळ घालताय?" तिचंही चूक नव्हतं. अण्णांना तर निमित्तच हवं होतं. ओलाव्याने सांधे धरतील म्हणत त्यांनी ताट्या सोडून गच्चीवर टाकल्या, आणि तिथे त्या वाळून काष्ठ झाल्या.

आमच्या बिल्डिंगमध्ये त्याच उन्हाळ्यात एसीचं भांडण पेटलं होतं. पुण्या-मुंबईकडून नव्या नोकऱ्यांसाठी आलेल्या एक-दोन बिऱ्हाडांना खिडकीला एसी बसवायचा होता. गच्चीवर मीटिंग झाली. कोणी म्हणालं वायरिंगला लोड झेपणार नाही, कोणी म्हणालं बिल्डिंगची शोभा जाते, कोणी म्हणालं तुमच्या गार हवेसाठी आमच्या खिडकीत गरम वाफा का? खरं सांगायचं तर यातलं शेवटचं मला पटलं होतं. एकाची खोली गार म्हणजे शेजाऱ्याची गरम, हे खरंच आहे. पण निरोगी माणसाच्या चैनीची आणि आजारी बाईच्या पाठीची एकच माप कसं लावता? हे तिथे कोणी बोललं नाही. अण्णा सोसायटीचे अध्यक्ष. ते उभे राहिले आणि म्हणाले, "ज्यांना एसी हवा त्यांनी मद्रासला जावं. हे बेंगळूर आहे." टाळ्या पडल्या. कोणत्याही फ्लॅटला एसी बसवायचा नाही, असं ठरलं. खाली त्यांच्याच फ्लॅटमध्ये त्यांची बायको त्या टाळ्या ऐकत पडली होती.

एक गोष्ट मात्र मी नाकारणार नाही. अण्णा दुपारभर अक्कांच्या उशाशी बसायचे आणि वर्तमानपत्राची घडी करून स्वतःच्या हाताने त्यांना वारा घालायचे. सदरा घामाने पाठीला चिकटलेला, मनगट दुखून आलेलं, हात बदलत बदलत तासन् तास. मी म्हटलं, "अण्णा, द्या इकडे, मी घालते," तर देत नसत. "हाताचा वारा बाधत नाही," म्हणायचे. त्या माणसाचं बायकोवर प्रेम नव्हतं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण प्रेम होतं म्हणून राग कमी होतो असं थोडंच आहे? उलट जास्तच यायचा. हात तुटेस्तोवर वारा घालाल, पण आपलं बेंगळूर आता तापतं एवढं कबूल करणार नाही!

आणि मग आमच्या घरात एसी आला.

नवऱ्याने नोकरी सोडून अमेरिकेतल्या एका कंपनीचं काम घरून करायचं ठरवलं. त्यासाठी कॉम्प्युटर घेतला. अक्कांच्या खोलीला लागून असलेली छोटी खोली रिकामी केली, खाली जाजम अंथरलं. मशीन द्यायला आलेला माणूस म्हणाला, "सर, एसी मस्ट. नाहीतर गॅरंटी नाही." मी स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकत होते. म्हटलं, आता अण्णा याला मद्रासला पाठवतात!

अण्णा म्हणाले, "सरी. मशीन आहे, त्याला उष्णता सोसत नाही."

मला वाटलं माझेच कान वाजले. पण नाही. अण्णांनी स्वतः उभं राहून खिडकीची चौकट कापून घेतली. सोसायटीत सांगितलं, की ठराव माणसांच्या एसीचा होता, मशीनचा नव्हता. आणि गंमत बघा, लोकांना पटलं! त्या काळी कॉम्प्युटरचा मान देवापेक्षा जास्त. बाहेर चप्पल काढायची, दार पटकन लावायचं, मशीनवर कापडाचं पांघरूण. अण्णा आत जायचे तर पाय धुऊन जायचे. नवरा आत अर्ध्या बाह्यांचा स्वेटर घालून बसायचा. मे महिन्यात पांघरूण लागतं हे अण्णांचं बोलणं त्या एका खोलीपुरतं तरी खरं झालं.

मी त्याच दिवशी म्हटलं, "आता अक्कांची खाट तिकडे टाकू."

नवरा म्हणाला, "जागा कुठे आहे? आणि तुझी ती पावडर उडते. मशीनमध्ये गेली म्हणजे खलास."

म्हणजे उकाड्याने घामोळं, घामोळ्याला पावडर, आणि पावडर लावलेली म्हणून गारव्यात यायला बंदी! मी म्हटलं, "लाज वाटू द्या जरा." त्याने दार पटकन लावून घेतलं. गार हवा बाहेर जात होती ना.

गुरुवारी दुपारी अण्णा मल्लेश्वरमच्या मठात जायचे आणि नवरा फ्लॉप्या घेऊन त्याच्या पार्टनरकडे. मशीन चालू ठेवून जायचा, म्हणून एसीही चालू. मी अक्कांना चाकाच्या खुर्चीत बसवलं, पावडर पुसून काढली, धुतलेलं पातळ नेसवलं आणि त्या खोलीत नेलं. दार लावलं. त्यांनी आधी इकडेतिकडे पाहिलं. मग चांगल्या हाताने माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "गार." या वेळी मागत नव्हत्या, सांगत होत्या. आणि कितीतरी महिन्यांनी त्यांनी माझ्याकडे बघून डोळा मिचकवला. मग मान कलती करून झोपल्या त्या अशा, की मला दोनदा नाकाशी बोट धरून बघावं लागलं. मी जाजमावर बसून राहिले. मशीन आपलं घूं घूं करत होतं. त्याचं काहीही बिघडलं नाही.

पुढचे काही गुरुवार असेच गेले. अक्कांची पाठ सुकायला लागली. मी कोणाला सांगितलं नाही, त्यांना तर सांगताच येत नव्हतं. आम्हा दोघींची जुनी चोरी पुन्हा सुरू झाली, इतकंच.

मग एका गुरुवारी मठ लवकर बंद झाला आणि अण्णा मधेच परत आले. दार उघडून उभे राहिले. मला वाटलं ओरडतील. ते सरळ अक्कांकडे गेले, त्यांचा लुळा हात हातात घेतला आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. "अय्यो, हात बघ हिचा! बर्फ झालाय! मारायचं आहे का तुला हिला?" झोपेतून दचकून जाग्या झालेल्या अक्का एकच शब्द म्हणत राहिल्या, गार, गार. अण्णांना वाटलं त्या थंडीची तक्रार करताहेत. मी जीव तोडून सांगितलं, "अण्णा, त्यांना हवंय हे! पाठ बघा त्यांची, किती सुकलीय!" त्यांनी पाठ बघितली नाही. खुर्ची ढकलत त्यांना परत त्या भट्टीत नेलं आणि स्वतःची शाल त्यांच्या अंगावर घातली. मे महिन्यात!

त्या दिवसापासून नवरा बाहेर पडला की अण्णा त्या खोलीला कुलूप लावायचे. किल्ली सदऱ्याच्या वरच्या खिशात. मी मागितली, भांडले, दोन दिवस जेवले नाही. नवरा म्हणाला, "जाऊ दे ना, स्वल्प दिवसांचा प्रश्न आहे. उन्हाळा संपेलच."

उन्हाळा संपायच्या आधी अक्का संपल्या. दुपारची वेळ होती. पाठीच्या जखमा चिघळून ताप चढला होता. अण्णा उशाशी बसून वर्तमानपत्राने वारा घालत होते. मी न्हाणीघरात फडकं पिळत होते. पलीकडच्या खोलीतून एसीचा आवाज येत होता, नवऱ्याला त्या दिवशी काम पाठवायचं होतं. मी फडकं घेऊन आले, कपाळावर ठेवलं आणि मला कळलं. मी हाक मारली तेव्हा नवरा धावत बाहेर आला. त्याच्या अंगात स्वेटर होता.

थोरले दीर अमेरिकेत. त्यांना फोन केला. ते म्हणाले, मी येईपर्यंत थांबा. थांबायचं म्हणजे दोन दिवस, आणि अशा उन्हाळ्यात. बर्फाच्या लाद्या आणायच्या असं कोणी सुचवलं. तेवढ्यात अण्णा म्हणाले, "तिला त्या खोलीत ठेवा."

कोणी 'जागा कुठे आहे' म्हणालं नाही. कोणी पावडरीचं नाव काढलं नाही. कॉम्प्युटर उचलून हॉलमध्ये आणला, जाजम गुंडाळलं, आणि अक्कांना तिथे निजवलं. अण्णांनीच एसीचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. त्या दोन दिवसांत एरवी रोज जाणारी लाइटसुद्धा एकदाही गेली नाही. आणि मशीन? नवऱ्याचं ते काम अर्धवट राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याने डोळे पुसत पुसत मशीन हॉलमध्येच लावलं, त्या तापलेल्या छताखाली, आणि काम पुरं केलं. ते एकदाही थांबलं नाही. त्याला एसी लागतच नव्हता. कधीच लागत नव्हता.

अण्णा आतच बसून होते, मफलर गुंडाळून. मी चहा घेऊन गेले तर त्यांच्या हातात वर्तमानपत्राची घडी होती आणि ते अक्कांना वारा घालत होते. मी कप खाली ठेवला आणि बाहेर आले. मला कीव आली नाही. यायला हवी होती, पण नाही आली.

थोरले दीर विमानतळावरून थेट आले. आईच्या पायांवर डोकं ठेवून रडले. मग डोळे पुसून उठले, एसीकडे बघितलं आणि म्हणाले, "बरं केलंत, एसी घेतलात. आईला शेवटी तेवढा तरी आराम मिळाला."

नवरा जमिनीकडे बघत होता. अण्णा म्हणाले, "हो."

तेव्हा मात्र मला राहवलं नाही. मी म्हटलं, "खोटं. जिवंतपणी यांनी त्यांना इथे येऊ दिलं नाही. आत्ता मेल्यावर आणलंय."

सगळी खोली माझ्याकडे बघत राहिली. सून असं बोलते, तेही प्रेतापाशी! अण्णा रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी सदऱ्याच्या वरच्या खिशात हात घातला, त्या खोलीची किल्ली काढली आणि माझ्यापुढे धरली. "तू ठेव," म्हणाले.

मी हात पुढे केला नाही.